नाही म्हणणारा पीर

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा सुरू झाली की शेख महंमदांचे नाव लवकरच निघते. निघायलाच हवे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपली नाळ ज्या पूर्वसूरींशी जोडत आलो, त्यांत श्रीगोंद्याच्या या संताचे स्थान फार वरचे आहे. मात्र हे नाव ज्या रीतीने घेतले जाते, तिच्याविषयी आम्हांला इथे थोडे लिहायचे आहे.

ती रीत ठरून गेलेली आहे. मालोजीराजे भोसल्यांनी शेख महंमदांना गुरू मानले, श्रीगोंद्यात त्यांना जमीन दिली, मठ बांधून दिला. त्याच मालोजींनी अहमदनगरच्या शहा शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. म्हणून महाराष्ट्रात पूर्वापार सलोखा होता. इथे भाषण संपते आणि टाळ्या पडतात. शेख महंमदांनी 'योगसंग्राम' नावाचा अठरा प्रसंगांचा, दोन हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ लिहिला, याचा उल्लेख झालाच तर ओझरता होतो. त्या ग्रंथात काय आहे, हे सांगण्याची गरज बहुधा कोणाला वाटत नाही. राजाने मानले एवढ्यावर संताची थोरवी सिद्ध होते आणि आपलेही काम भागते.

आमची तक्रार नेमकी इथे आहे. संताची किंमत त्याला कोणी मानले यावरून ठरवायची, की त्याने काय म्हटले यावरून? कवीला राजाच्या दाखल्यावर ओळखणे ही समीक्षा नव्हे. शिवाय या दाखल्याची गरज नेहमी आपल्यालाच का पडावी, हाही प्रश्न आहे. तुकोबांचे थोरपण सांगताना त्यांना कोणत्या सरदाराने जमीन दिली, असे कोणी विचारत नाही.

ज्या भूभागाविषयी आपण बोलत आहोत तो एकदा नीट डोळ्यांपुढे आणू. बारामती तालुक्यातले सुपे हे जुन्या परगण्याचे ठाणे. पुणे आणि सुपे हे परगणे निजामशाहीकडून मालोजींकडे आल्याचे सांगतात. पुढे शहाजींच्या मोकाशात इंदापूरही होते. इंदापुरात मालोजींची गढी आहे आणि तिथेच हजरत चाँदशाहवलींचा दर्गा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत मालोजी पडले, असे घराण्याची परंपरा सांगते. अलीकडे या दोन्ही वास्तूंच्या जतनाची चर्चा सरकारदरबारी एकत्रच होते. दौंडपाशी भीमा ओलांडली की पलीकडे श्रीगोंदा तालुका, जुन्या कागदांतले चांभारगोंदे. म्हणजे गढी, दर्गा आणि मठ ही तिन्ही एकाच टापूतली, एकमेकांना ओळखणारी ठिकाणे. सत्ता आणि धर्मपुरुष यांचे नाते या टापूत समोरासमोरचे होते. म्हणूनच ते नुसत्या 'सलोखा' या शब्दाने गुंडाळून ठेवता येत नाही.

या नात्याविषयी आपल्यापाशी तीन साक्षीदार आहेत. पहिली सनद. ती जमिनीचे माप सांगते, चतुःसीमा सांगते आणि इनाम अवलाद व अफलाद चालवावे असे बजावते. दुसरे चरित्र, म्हणजे संतमाला आणि आख्यायिका. तिसरा साक्षीदार संताचा स्वतःचा ग्रंथ. आपल्याकडच्या लेखनाने पहिल्या दोघांची जबानी मन लावून घेतली. तिसऱ्याला मात्र कठड्याबाहेरच उभे ठेवले.

याचा दोष संशोधकांवर टाकता येणार नाही. वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ मध्ये 'योगसंग्राम' संपादून प्रसिद्ध केला, हे त्यांचे मराठीवर मोठे ऋण आहे. बेंद्रे मुळात इतिहासाचे माणूस, १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र लिहिणारे. सनद, तारीख, घराणे यांचा त्यांचा ध्यास स्वाभाविक होता. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात या कवींची मालिका उभी केली, यू. म. पठाण यांनी सूफी संतांच्या मराठी रचनांकडे आयुष्यभर लक्ष पुरवले. पाया त्यांनी घातला. त्या पायावर वाचनाची भिंत चढवणे हे नंतरच्यांचे, म्हणजे आपले काम होते. आपण पायाच्या दगडालाच हार घालत बसलो.

आता थोडे दूर जाऊ. धर्मपुरुष आणि सिंहासन यांच्या नात्याचा सगळ्यांत ठळक नमुना जगाच्या इतिहासात कुठे असेल, तर तो रूमच्या साम्राज्यात, म्हणजे कुस्तुंतुनियात. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. बखरींतल्या 'रूमशाम'मधला रूम तो हाच. तुर्कांनी तो मुलूख जिंकल्यावरही नाव तेच राहिले. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली आणि आज विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान तोफ ज्याने ओतली, तो कारागीर आपले नाव महंमद बिन हसन रूमी असे लावतो. विजापूरच्या आदिलशाहीचा मूळपुरुषही रूमच्या सुलतानांच्या घराण्यातला होता, अशी कथा फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. दख्खनच्या कल्पनेत रूम कायम होता.

त्या रूममध्ये मुसलमानी अंमलाच्या आधी हजारभर वर्षे ख्रिस्ती बादशहा राज्य करीत होते आणि त्यांच्या शेजारी कुस्तुंतुनियाचा मुख्य धर्माधिकारी बसे. त्याला आपण महाधर्मगुरू म्हणू. सहावा लिओ या बादशहाच्या तीन राण्या एकामागून एक वारल्या, वारस नव्हता. चौथीपासून मुलगा झाला आणि त्याने तिच्याशी लग्न लावले. चौथे लग्न त्यांच्या धर्मात निषिद्ध. महाधर्मगुरू निकोलस याने ९०६ च्या नाताळला आणि नंतर ९०७ च्या जानेवारीतल्या सणाला बादशहाला आया सोफियाच्या मुख्य दारातून आत येऊ दिले नाही. सगळ्या दरबारासमोर साम्राज्याच्या धन्याला दारातून परत फिरावे लागले. परिणाम व्हायचा तोच झाला. ९०७ मध्येच निकोलसचे पद गेले आणि युथिमियस नावाचा दुसरा, सोयीचा साधू त्या जागी बसवला गेला. ९१२ मध्ये लिओ वारला, निकोलस परत आला आणि पुढच्याच वर्षी त्याच लहान राजपुत्राच्या नावाने राज्य चालवणाऱ्या मंडळाचा प्रमुख होऊन बसला. दार अडवणारा शेवटी तख्ताचा कारभारी झाला.

दुसरे उदाहरण आर्सेनियसचे. १२६१ मध्ये आठव्या मायकेलने कुस्तुंतुनिया लॅटिनांकडून परत मिळवली आणि त्याच वर्षी खऱ्या वारसाचे, अजून वयात न आलेल्या जॉनचे, डोळे काढले. आर्सेनियसने बादशहाला धर्मबाह्य ठरवले. त्याचेही पद गेले, हद्दपारी आली आणि १२७३ मध्ये तो हद्दपारीतच मेला. त्याला काही मिळाले नाही. मात्र त्याचे नाव घेऊन नव्या धर्मगुरूंना न मानणारे लोक पुढे १३१० पर्यंत टिकून होते. पुढे १४५३ मध्ये सुलतान महंमद फातेहने शहर घेतले आणि १४५४ च्या आरंभी गेन्नाडियस याला स्वतःच महाधर्मगुरू नेमले. बादशहाचा धर्म बदलला, नेमणूक करण्याचा हक्क मात्र तख्ताकडेच राहिला.

या कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. तिथे धर्मगुरू हे पद होते. ज्याला नेमता येते त्याला काढता येते. म्हणून तिथला प्रत्येक नकार हा त्या पदाची किंमत मोजून दिलेला नकार होता. त्यातही दोन जाती दिसतात. आर्सेनियसचा नकार कुठेही पोचवत नाही, निकोलसचा नकार राज्यापर्यंत पोचवतो. समीक्षकाने या दोन नकारांना एकाच मापाने मोजू नये.

दख्खनमध्ये असे पद नव्हते. सुलतानाला राज्याभिषेक करणारा कोणी अधिकृत धर्माधिकारी इथे नाही. काजी होता, पण तो सुलतानाचा नोकर. खरी मान्यता खानकाहीतल्या शेखकडून यायची आणि शेख कोणाचा नोकर नसे. इसामी या कवीने १३५० च्या सुमारास दौलताबादेत फारसीत 'फुतूह-उस्-सलातीन' लिहिला आणि नव्या बहमनी सुलतानाला अर्पण केला. त्यात तो म्हणतो की, मुलखावर राज्य अमीर करतो, पण मुलूख राखला जातो फकिराच्या सावलीत. निजामुद्दीन औलिया १३२५ मध्ये गेले आणि दिल्लीची कळा गेली. बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये गेले आणि दौलताबादला उतरती लागली, असा त्याचा हिशेब. ऐतिहासिक कारणमीमांसा म्हणून हा हिशेब टिकणार नाही. पण राज्यकर्त्याच्या तोंडावर, त्याच्याच आश्रयाने लिहिताना, एक कवी फकिराला अमिराच्या वर बसवतो, ही साधी गोष्ट नाही.

असा फकीर मग तख्ताच्या भांडणांत ओढला जाणारच. गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराजांना फिरोजशहा बहमनीने मानाने ठेवले. पण वारसाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी फिरोजच्या मुलाला आशीर्वाद दिला नाही. त्यांचा कौल फिरोजचा भाऊ अहमद याच्या बाजूने गेला. संबंध बिघडले, खानकाह किल्ल्यापासून दूर न्यावी लागली. १४२२ मध्ये अहमदशहा तख्तावर आला आणि त्याच वर्षी ख्वाजांचे निधन झाले. नव्या सुलतानाने त्यांच्या घराण्याला गावे इनाम दिली. हा नकार निकोलसच्या जातीचा होता की आर्सेनियसच्या, हे ज्याने त्याने ठरवावे. घराण्याला मात्र त्याचा लाभ झाला, एवढे खरे.

याउलट कथा खुलदाबादच्या हजरत जैनुद्दीन शिराझींची. पहिल्या महंमदशहा बहमनीने मुलखातल्या सगळ्या शेखांकडून आपल्या सत्तेची मान्यता मागितली. इतरांनी दिली, जैनुद्दीनांनी दिली नाही. जो सुलतान उघड दारू पितो त्याच्या नावाने मी हात पुढे करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे दौलताबादेत बंड झाले, बंडवाल्यांनी शेखचा सल्ला घेतला, सुलतान भडकला आणि शेखने शहर सोडावे असा हुकूम निघाला. फरिश्ता लिहितो की, शेख उठले, आपले मुर्शिद बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या मजारीपाशी गेले, काठी जमिनीत रोवली, मुसल्ला अंथरला आणि म्हणाले, आता मला इथून कोण उठवतो ते पाहू. शेवटी सुलतान नरमला. शेखने अट घातली: दारूचे गुत्ते बंद कर, शरीयतीप्रमाणे वाग, मग जैनुद्दीनइतका तुझा मित्र कोणी नाही.

फरिश्ता हे सगळे अडीचशे वर्षांनी, विजापूरच्या दरबारात बसून लिहितो आहे. संवादातला शब्द न् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. आम्हांला महत्त्वाची वाटते ती कथेची घडण. कुस्तुंतुनियाच्या निकोलसपाशी अडवायला आया सोफियाचे दार होते. जैनुद्दीनांपाशी दार नव्हते, पद नव्हते, त्यामुळे काढून घेण्यासारखेही काही नव्हते. एक काठी आणि एक मुसल्ला. निकोलसच्या जागी युथिमियस बसवता आला, जैनुद्दीनांच्या जागी दुसरा जैनुद्दीन बसवण्याची सोय महंमदशहापाशी नव्हती. १७०७ मध्ये वारलेला औरंगजेब याच जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या साध्या कबरीत पुरला गेला. शेखला शहराबाहेर घालवणारा सुलतान आणि शेखच्या पायथ्याशी जागा मागणारा बादशहा, या दोघांमध्ये साडेतीनशे वर्षे आहेत.

मग ही सोय सुलतानांना कधी सापडली? इनामात. रिचर्ड ईटन यांनी १९७८ मध्ये विजापूरच्या सूफींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात सूफींच्या निरनिराळ्या जाती सांगताना जमीनदार सूफींचा एक वर्ग त्यांनी वेगळा काढला आहे. पिराच्या नावाने जमीन मिळते, ती वंशपरंपरेने चालते, गादी तयार होते, गादीवर सज्जादानशीन बसतो. जो पीर नेमता येत नव्हता त्याचा वारस आता सनदेने नेमता येऊ लागला. रूममध्ये जे पदाने साधले, ते दख्खनमध्ये इनामाने साधले. मठांचे आणि देवस्थानांचे चित्र याहून निराळे नाही. म्हणून सनद ही संताच्या थोरवीचा पुरावा म्हणून वाचणे धोक्याचे आहे. ती राजाच्या गरजेचा पुरावा आहे.

आता या उजेडात शेख महंमदांकडे परत येऊ. ते कादरी परंपरेतल्या चाँद बोधल्यांचे शिष्य. चाँद बोधल्यांना एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू मानतात, आणि जनार्दनस्वामी हे दौलताबादच्या किल्ल्याचे अधिकारी. गुरूंची समाधी लागलेली असताना एकनाथांनी त्यांचे चिलखत चढवून लढाई मारली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ज्या परंपरेतून शेख महंमद आले, तिच्यात राजसेवा आणि साधना एकाच अंगावर नांदत होती. त्यांच्या अवतीभोवती बारगीर आणि शिलेदार होते, गढ्या आणि ठाणी होती. पुणे-सुपे-इंदापूरपासून श्रीगोंद्यापर्यंतचा मराठा तरुण घोडा आणि तलवार यांच्या भाषेत विचार करीत होता.

त्या तरुणापुढे शेख महंमदांनी 'संग्राम' ठेवला. पण या संग्रामात वैरी गढीबाहेर उभा नाही. काम, क्रोध, अहंकार ही वैऱ्याची फौज, आणि लढणारा आहे साधक. इस्लामी अध्यात्मात नफ्सशी होणाऱ्या झगड्याला मोठा जिहाद म्हणतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शेख महंमदांनी तीच गोष्ट ओवीत, योगाच्या परिभाषेत आणि शिपाईगिरीच्या मुलखात सांगितली. लढाईवर जगणाऱ्या माणसांच्या प्रदेशात बसून लढाईचा अर्थच फिरवून टाकणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. सरदाराने जमीन दिली खरी. पण सरदाराचा जो धंदा, त्याला या ग्रंथाने धाकटी लढाई ठरवले.

इथे तारखाही बोलक्या आहेत. 'योगसंग्राम' शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ मध्ये पुरा झाला. तोवर मालोजी जाऊन कित्येक वर्षे लोटली होती. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले होते. १६३० ते ३२ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला होता. १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. पुणे, सुपे, इंदापूर हा भाग आदिलशाहीकडे गेला आणि भीमेपलीकडे मोगल आले. ज्या राज्याच्या सावलीत ती जमीन मिळाली, ते राज्य नकाशावर उरले नाही, आणि त्यानंतर नऊ वर्षांनी हा ग्रंथ सिद्ध झाला. आश्रयदात्याच्या पदरी बसून लिहिलेला हा ग्रंथ नव्हे. आश्रय, दुष्काळ आणि राज्यबुडी या तिन्हींच्या पलीकडे गेलेल्या म्हाताऱ्या माणसाने तो लिहिला आहे. सनद तरुणपणाची आणि ग्रंथ म्हातारपणाचा, या दोहोंमधले अंतर ज्याने ध्यानात घेतले नाही, त्याने शेख महंमद वाचले असे म्हणता येत नाही.

आणि या म्हाताऱ्याची जीभ मवाळ नाही. ढोंगी गुरूंवर तो तुटून पडतो. कर्मकांडात रुतलेला पंडित आणि दिखाऊ फकिरी मिरवणारा, दोघांनाही तो एकाच काठीने हाकतो. ग्रामदैवतांपुढे होणाऱ्या पशुबळीवर तो कोरडे ओढतो. स्वतःला तो उघडपणे 'अविंध' म्हणवतो. कान न टोचलेला तो अविंध, म्हणजे त्या काळी मुसलमानाला हिणवण्याचाच शब्द. तो त्याने नावासारखा मिरवला. काटेरी झाडाच्या पोटी सुगंध जन्मतो, ही त्याची उपमा प्रसिद्ध आहे. ती वाचताना एरवी आपण सुगंधावर थांबतो. काटे आहेत हे सांगायला तो विसरलेला नाही, आणि ते काटे त्याच्या भाषेतही आहेत.

सलोख्याचा दाखला म्हणून ज्याला आपण व्यासपीठावर नेतो, तो माणूस असा दोन्हीकडच्या धर्माच्या ठेकेदारांना नाही म्हणणारा आहे. जैनुद्दीनांचा नकार एका सुलतानाला होता. शेख महंमदांचा नकार गादीलाच आहे, मग ती पिराची असो की पुरोहिताची. हा अधिक अवघड नकार. सुलतान मरतो, गादी मरत नाही.

कोणी म्हणेल, आश्रय घेतला की नकाराची भाषा शोभत नाही. हा आक्षेप ऐकायला चोख वाटतो, पण मराठी कवितेचा अनुभव तसा नाही. बारामतीचेच उदाहरण घ्या. १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मलेले मोरोपंत १७९४ मध्ये बारामतीत वारले. त्यांची जवळजवळ सगळी काव्यसंपदा बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने झाली. बाबूजी नाईक मोठे सावकार, पेशव्यांच्या सोयऱ्यांतले, आणि १७४० मध्ये पेशवेपदासाठी नानासाहेबांच्या विरोधात उभे राहिलेले. कऱ्हेकाठचा त्यांचा वाडा आजही आहे. त्या वाड्याच्या छायेत चाळीस वर्षे राहूनही 'केकावली'तला मोर टाहो फोडतो तो देवासाठी, नाईकांसाठी नाही. आश्रयाने पोट भरते, त्याने कवीची वाणी विकत जातेच असे नाही. मात्र ती विकली गेली की नाही, हे कवितेतूनच कळते, सनदेतून कळत नाही. मोरोपंतांच्या बाबतीत मराठी समीक्षेने हा विवेक केला. त्यांची आर्या वाचून, मोजून, भांडून त्यांचे स्थान ठरवले गेले. शेख महंमदांच्या बाबतीत तो विवेक का होऊ नये?

लोकांच्या आठवणीनेही समीक्षेहून चांगला विवेक केला आहे. महिपतींनी आपल्या संतमालेत शेख महंमदांना मानाने बसवले. वारकऱ्यांत आख्यायिका आहे की, देहूत तुकोबांच्या कीर्तनात मंडपाला आग लागली तेव्हा शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसल्या जागी हात चोळून ती विझवली. या कथेत राजा नाही. लोकांनी शेख महंमदांना गढीच्या शेजारी बसवले नाही, तुकोबांच्या शेजारी बसवले. आजही देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग आणि आरती होते, आणि मग ती बारामती, इंदापूर करीत पंढरीला जाते. या वाटेवर फकीर आणि वारकरी एकमेकांना भेटतात ते कोणत्याही सरदाराच्या मध्यस्थीवाचून.

हा सगळा विचार आज का करायचा? कारण सनद वाचण्याची आणि ग्रंथ न वाचण्याची सवय आपल्याला महाग पडू लागली आहे. २०२५ मध्ये श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या समाधिस्थानावरून वाद उभा राहिला. ते देऊळ की दर्गा, त्याचा कारभार कोणी पाहायचा, नोंद कशी असावी, हे त्या वादाचे मुद्दे. वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. पण त्यातला प्रत्येक प्रश्न हा जागेचा, नावाचा आणि वहिवाटीचा प्रश्न आहे, म्हणजे सनदेचा प्रश्न आहे. 'योगसंग्रामा'तल्या कोणत्या ओवीचा अर्थ काय, यावरून महाराष्ट्रात आजवर कुणी भांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जो कवी धर्माच्या दुकानदारीवर आयुष्यभर कोरडे ओढत राहिला, त्याच्या नावाने मालकीचा तंटा व्हावा, आणि त्याचे शब्द दोन्ही बाजूंना आठवू नयेत!

दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली. बारामती-इंदापूर हे तालुके राज्याच्या राजकारणात वजनदार. उरूस आला की पुढारी येतात, चादर चढते, फेटे बांधले जातात, भाषणात मालोजीराजे आणि पीर यांची गोष्ट सांगितली जाते. यात वाईट काही नाही. सुलतानही हेच करीत. पण चादर घेताना मुजावराने, ट्रस्टीने, आणि त्या समारंभाचे वर्णन लिहिणाऱ्या आपणही एवढे आठवावे की, पीर नुसता आशीर्वाद देणारा नसतो. अट घालणाराही पीर असतो. पाण्याचा, शाळेचा, वस्तीतल्या तरुणाच्या नोकरीचा प्रश्न पुढे न ठेवता जी चादर घेतली जाते, ती घेणाऱ्याला जैनुद्दीनांचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही. आणि जो लेखक सत्तेने मान दिला म्हणून आपल्या संतांना मोठे ठरवतो, तो उद्या सत्तेने मान काढून घेतला तर त्यांना कशाच्या आधारावर मोठे ठरवणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. मुस्लिम मराठी समीक्षेने शेख महंमदांना दाखला म्हणून वापरणे थांबवावे आणि कवी म्हणून वाचणे सुरू करावे. 'योगसंग्रामा'ची आजच्या वाचकाला झेपेल अशी, कठीण शब्दांचे अर्थ दिलेली आवृत्ती हवी. त्यातले योगाचे शब्द आणि तसव्वुफचे शब्द कुठे एकत्र येतात, कुठे अडखळतात, हे ओवी ओवी घेऊन दाखवणारे लेखन हवे. त्यांच्या टीकेचा रोख ज्या ज्या गोष्टींवर आहे, त्या आपल्या मोहल्ल्यात आज कोणत्या रूपात नांदतात, हेही विचारायला हवे. हे काम दुसरे कोणी करणार नाही. अरबी-फारसीचा कान आणि ओवी-अभंगाचा कान, दोन्ही ज्याच्यापाशी आहेत असा वाचक मराठीत फार थोडा, आणि तो बव्हंशी आपल्यातच आहे.

इंदापूरची गढी दुरुस्त होईल, दर्ग्याला नवे आवार मिळेल. ती कामे सरकारची, ती ते करो. ओव्या दुरुस्त कराव्या लागत नाहीत, त्या वाचाव्या लागतात. ते आपल्याकडून अजून राहिले आहे.